तज्ज्ञांचा अहवाल आणि नागरिकांचा अधिकार

आधुनिक राज्यसंस्थेला ज्या प्रश्नांवर निर्णय घ्यावे लागतात, त्यांपैकी फार थोडे केवळ व्यवहारज्ञानाच्या बळावर सुटण्यासारखे असतात. धरण कोठे बांधावे, खाणीला परवानगी द्यावी किंवा कसे, एखादे नवे बियाणे शेतकऱ्याच्या हाती द्यावे की नाही, डोंगराच्या कोणत्या उतारावर वस्ती वाढू द्यावी, या प्रत्येक प्रश्नाच्या पोटात एक शास्त्रीय प्रश्न दडलेला असतो. त्याचे उत्तर मंत्र्याला ठाऊक नसते, सचिवाला ठाऊक नसते, आणि त्या उतारावर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या शेतकऱ्यालाही ते पुरते ठाऊक असते असे नाही. म्हणून शासन तज्ज्ञांची समिती नेमते. समिती पाहणी करते, मोजमापे घेते, लोकांशी बोलते आणि अखेरीस आपला अहवाल शासनाच्या स्वाधीन करते.

येथे दोन निरनिराळ्या गोष्टींत भेद केला पाहिजे. एखादा डोंगर किती पाऊस सोसू शकेल, हे मतदानाने ठरत नाही. ते पुराव्याने ठरते. परंतु त्या डोंगरावर काय करावे, तेथील लोकांनी कशाला मुकावे आणि कोणाच्या लाभासाठी मुकावे, हे पुराव्याने आपोआप ठरत नाही. तो निर्णय सर्वांचा असतो आणि लोकशाहीत तो लोकांना उत्तरदायी असलेल्या शासनाने घ्यावयाचा असतो. विज्ञान पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते आणि दुसऱ्या प्रश्नाला आधार पुरवते. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे तो अहवाल होय. तो जर शासनाच्या कपाटात बंद राहिला, तर निर्णय कोणत्या आधारावर झाला हे कोणालाच कळत नाही. तज्ज्ञांचे म्हणणे तपासता येत नाही, आणि शासनाने ते मानले की डावलले हेही सांगता येत नाही.

भारतात हा प्रश्न पुष्कळदा उपस्थित झाला आहे. त्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे पश्चिम घाटाच्या परिसराविषयी नेमलेल्या तज्ज्ञसमितीचा अहवाल. तो २०११ साली सादर झाला आणि जवळजवळ नऊ महिने लोकांपासून दूर ठेवला गेला. त्याची हकीकत समजून घेण्यापूर्वी तीन दशके मागे जाणे इष्ट ठरेल.

सायलेंट व्हॅलीचा पूर्वानुभव

केरळातील पालक्काड जिल्ह्यात, कुंतीपुळा नदीच्या वरच्या खोऱ्यात, सायलेंट व्हॅली नावाचे सदाहरित अरण्य आहे. या नदीवर धरण बांधून वीज निर्माण करण्याची योजना केरळ राज्य विद्युत मंडळाने आखली आणि १९७३ साली नियोजन आयोगाने तिला मान्यता दिली. पुढे १९७६ साली केंद्र शासनाने या योजनेच्या परिणामांचा विचार करण्यासाठी झफर फतेहअली यांच्या अध्यक्षतेखाली एक कार्यगट नेमला. योजना सोडून द्यावी, असे या गटाचे मत पडले. परंतु ती सोडणे शक्यच नसेल तर कोणती दक्षता घ्यावी, याचीही एक यादी त्याने सोबत जोडली. परिणाम असा झाला की मूळ शिफारस मागे पडली आणि यादीतील अटी पाळण्याचे आश्वासन देऊन योजना पुढे रेटण्याचा प्रयत्न सुरू झाला.

या वेळी केरळ शास्त्र साहित्य परिषद पुढे आली. विज्ञान मातृभाषेतून लोकांपर्यंत नेण्यासाठी १९६२ साली स्थापन झालेली ही संस्था होती. तिने आवाहने आणि घोषणा यांवर समाधान मानले नाही. निरनिराळ्या विषयांच्या जाणकारांचा एक गट बसवून तिने योजनेचे तांत्रिक, आर्थिक व सामाजिक मूल्यमापन केले आणि १९७९ साली ते पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले. या अरण्याचे मोल काय, या प्रश्नाबरोबरच केरळला विजेची गरज खरोखर किती आहे आणि ती अन्य कोणत्या मार्गांनी भागवता येईल, हाही प्रश्न त्या पुस्तिकेत मांडला होता. आकड्यांना आकड्यांनीच उत्तर द्यावे लागेल अशी परिस्थिती त्यामुळे निर्माण झाली. पुढे केंद्र शासनाने एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त समिती नेमली. तिचा अहवाल १९८३ साली आला, योजना सोडून देण्यात आली आणि नोव्हेंबर १९८४ मध्ये या खोऱ्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा देण्यात आला. मेनन समितीच्या सदस्यांत माधव गाडगीळ हे तरुण परिसर-शास्त्रज्ञ होते. पुढील हकीकतीत त्यांचे नाव पुन्हा येणार आहे.

सायलेंट व्हॅलीच्या वादात वैज्ञानिक सामग्री लोकांसमोर आली, परंतु ती काही व्यक्तींच्या आणि संस्थांच्या परिश्रमाने आली. शासनाकडून कागद मागण्याचा कायदेशीर हक्क तेव्हा नागरिकाला नव्हता. उलट १९२३ सालचा शासकीय गुपितांचा कायदा स्वातंत्र्यानंतरही तसाच चालू होता, आणि कार्यालयातील प्रत्येक कागद गोपनीय समजावा, हीच नोकरशाहीची सर्वसाधारण वृत्ती होती.

मजुरांच्या हजेरीपटापासून कायद्यापर्यंत

ही स्थिती पालटण्यास दोन दिशांनी आरंभ झाला. एक दिशा न्यायालयाची होती. राज नारायण यांच्या खटल्यात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने असे तत्त्व मांडले की, सार्वजनिक अधिकारी सार्वजनिक नात्याने जे जे करतात ते जाणून घेण्याचा लोकांना अधिकार आहे. परंतु हे तत्त्व प्रत्यक्षात आणणारा कायदा होण्यास आणखी तीस वर्षे लागली.

दुसरी दिशा राजस्थानातील दुष्काळी कामांवरून निघाली. तेथे १९९० साली स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेपुढे प्रश्न अगदी साधा होता. मजुरांना ठरल्याप्रमाणे मजुरी मिळत नव्हती, आणि कागदोपत्री मात्र ती पुरती दिल्याची नोंद होती. संघटनेने कामांचे हिशेब व हजेरीपट मिळवून ते गावापुढे मोठ्याने वाचून दाखवण्याची प्रथा पाडली. अशी पहिली जनसुनावणी डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना या गावी झाली. कागदावर नाव असलेला मजूर कामावर खरोखर होता किंवा नाही, कागदावरील बांधकाम प्रत्यक्षात उभे आहे किंवा नाही, हे तेथे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. वाचन सुरू होताच खोट्या नोंदी आपोआप उघड्या पडल्या.

या जनसुनावणीत आणि विज्ञानाच्या रीतीत एक खोल साम्य आहे. शास्त्रज्ञ आपला निष्कर्ष प्रसिद्ध करतो, त्याबरोबर तो कसा काढला हेही सांगतो, आणि ज्यांना त्या विषयात गती आहे त्यांना तो तपासून पाहण्याची मुभा देतो. चूक असेल तर ती इतरांना सापडावी, हाच प्रसिद्धीचा हेतू असतो. हजेरीपटाचे जाहीर वाचन हीदेखील अशीच एक तपासणी होती. फरक इतकाच की, येथील तपासनीस दिवसभर माती उपसणारे स्त्री-पुरुष होते. नोंद आणि वस्तुस्थिती यांची गाठ घालून देणे हे दोन्ही ठिकाणी सारखेच होते.

एप्रिल १९९६ मध्ये ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे झाले आणि मागणी देशभर पसरली. तमिळनाडू आणि गोवा या राज्यांनी १९९७ साली, आणि पुढे महाराष्ट्रासह अन्य काही राज्यांनी आपापले कायदे केले. अखेरीस संसदेने माहितीचा अधिकार अधिनियम संमत केला आणि तो १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णतः अमलात आला.

या अधिनियमातील काही तरतुदी येथे लक्षात ठेवल्या पाहिजेत. नागरिकाने अर्ज केल्यास सामान्यतः तीस दिवसांत माहिती द्यावी लागते, आणि ती का हवी हे त्याने सांगण्याची आवश्यकता नसते. काही माहिती देण्यातून सूट आहे. उदाहरणार्थ, देशाच्या सुरक्षिततेला किंवा राज्याच्या वैज्ञानिक अथवा आर्थिक हितसंबंधांना बाधक ठरणारी माहिती नाकारता येते. परंतु सूट असलेली माहितीसुद्धा, ती उघड करण्यातील लोकहित अधिक मोठे असल्यास, देता येते. कलम चार त्याहून महत्त्वाचे आहे. लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना किंवा निर्णय जाहीर करताना त्यांविषयीची सर्व संबद्ध तथ्ये शासनाने आपण होऊन प्रसिद्ध करावीत, असे ते सांगते. म्हणजे कोणी अर्ज करो वा न करो, धोरण आकार घेत असतानाच त्याचा आधार उघड करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. याच कलमात, माहिती प्रसृत करताना स्थानिक भाषेचा विचार करावा, असेही म्हटले आहे.

पश्चिम घाट तज्ज्ञसमिती

तापी नदीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे दीड हजार किलोमीटर पसरलेली पश्चिम घाटाची रांग गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू या सहा राज्यांतून जाते. गोदावरी, कृष्णा आणि कावेरी या द्वीपकल्पातील मोठ्या नद्या याच रांगेत उगम पावतात. जगात अन्यत्र कोठेही न आढळणाऱ्या वनस्पती, बेडूक आणि मासे यांचे येथे वैपुल्य आहे. त्याचबरोबर या रांगेत लोखंडाच्या खाणी आहेत, चहा-कॉफीचे मळे आहेत, धरणे आहेत, दगडाच्या खाणी आहेत आणि कोट्यवधी माणसांचा संसार आहे. म्हणूनच तेथे काय राखावे आणि काय वापरावे, हा प्रश्न बिकट आहे.

केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने मार्च २०१० मध्ये या प्रश्नाच्या विचारासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञसमिती नेमली. समितीने सुमारे १,२९,००० चौरस किलोमीटर प्रदेशाचा विचार केला. नकाशावर त्याचे नऊ किलोमीटर लांब आणि नऊ किलोमीटर रुंद असे चौकोन पाडण्यात आले, आणि उंची, उतार, वनाच्छादन, दुर्मिळ जीवजाती यांसारख्या निकषांवर प्रत्येक चौकोनाची संवेदनशीलता ठरवण्यात आली. त्यावरून सर्व प्रदेश तीन प्रतींत विभागला गेला. पहिल्या प्रतीच्या क्षेत्रात नव्या खाणी आणि मोठे जलसाठे करणारी नवी धरणे नकोत, असे समितीने सुचवले. केरळातील अतिरप्पिळ्ळी आणि कर्नाटकातील गुंडिया या जलविद्युत्-प्रकल्पांना परवानगी देऊ नये, असेही मत तिने दिले.

समितीचा भर आणखी एका गोष्टीवर होता. क्षेत्रांच्या सीमा दिल्लीत बसून अंतिम करू नयेत, त्या ग्रामसभांच्या विचारविनिमयातून निश्चित व्हाव्यात, असे तिचे म्हणणे होते. नऊ किलोमीटरच्या चौकोनात एखादे रान, एखादी वाडी आणि एखादा उजाड माळ एकत्र येऊ शकतात, आणि त्यांतील भेद तेथील रहिवाशांइतका कोणाला ठाऊक असणार? समितीचा अहवाल हा अशा प्रकारे चर्चेचा आरंभबिंदू म्हणून लिहिला गेला होता. ३१ ऑगस्ट २०११ रोजी तो मंत्रालयाच्या स्वाधीन करण्यात आला.

कपाटातील नऊ महिने

मंत्रालयाने अहवाल प्रसिद्ध केला नाही. केरळातील एका नागरिकाने माहितीच्या अधिकाराखाली त्याची मागणी केली, तेव्हा अहवाल अद्याप अंतिम झालेला नाही, तो विचाराधीन आहे, असे उत्तर मिळाले. राज्याच्या वैज्ञानिक व आर्थिक हितसंबंधांविषयीच्या सवलतीचाही आधार घेण्यात आला. अहवाल आताच उघड झाला तर त्याच्या आधारे निरनिराळ्या प्रदेशांना संरक्षण देण्याच्या मागण्यांचा ओघ सुरू होईल आणि राज्यांशी चाललेली चर्चा अडचणीत येईल, अशी मंत्रालयाची भीती होती.

प्रकरण केंद्रीय माहिती आयोगाकडे गेले. माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी ९ एप्रिल २०१२ रोजी निर्णय दिला आणि अहवाल उघड करण्याचा आदेश दिला. त्यांच्या निर्णयाचा गाभा असा होता की, शासन धोरण ठरवत असतानाच लोकांना अहवाल मिळाला तर ते जाणतेपणाने चर्चा करू शकतील आणि त्यांच्या सूचनांचा शासनालाही उपयोग होईल. निर्णय झाल्यावर कागद हाती आला तर नागरिकाला केवळ निषेध करता येतो, सहभाग घेता येत नाही. लोकांच्या पैशाने तयार झालेले तज्ज्ञसमित्यांचे अहवाल मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रसिद्ध व्हावेत, आणि एखादा भाग वगळायचा झाल्यास त्याची कारणे नोंदवावीत, अशी अपेक्षाही त्यांनी व्यक्त केली.

मंत्रालय या आदेशाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती विपिन संघी यांनी १७ मे २०१२ रोजी मंत्रालयाची याचिका फेटाळली. समितीच्या दृष्टीने तिचा अहवाल अंतिमच होता. शासनाने तो स्वीकारावा की नाकारावा, हा पुढचा आणि वेगळा प्रश्न होता. शासनाचा निर्णय अपुरा आहे एवढ्यावरून समितीचा अहवाल अपुरा ठरत नाही. तो उघड झाल्याने राज्याच्या हितसंबंधांना कोणती बाधा पोहोचेल, हेही मंत्रालयाला दाखवता आले नाही. त्यानंतर आठवडाभरात, २३ मे २०१२ रोजी, अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यावर लोकांची मते मागवण्यात आली.

नऊ महिने हा काळ शासकीय कारभाराच्या मानाने फार मोठा नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु या नऊ महिन्यांत काय घडले याचा विचार करावा. अहवालात काय आहे हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांत शेतकरी होते, ग्रामपंचायती होत्या आणि वैज्ञानिकही होते. अहवालाला विरोध करणाऱ्यांना त्याविषयी काहीही सांगण्याची मोकळीक होती, आणि त्याचे समर्थन करणाऱ्यांना पुराव्यादाखल एक ओळही दाखवता येत नव्हती. ज्या दस्तऐवजाने विचारविनिमयास आरंभ व्हावयाचा, तो लोकांसमोर आला तेव्हा त्याच्याभोवती संशयाचे वलय आधीच निर्माण झाले होते.

प्रसिद्धीनंतरचा अध्याय

अहवाल प्रसिद्ध झाल्याने प्रश्न सुटला नाही. बहुतेक राज्य शासनांनी त्याला विरोध केला. केंद्राने ऑगस्ट २०१२ मध्ये के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा कार्यगट नेमला आणि त्याने एप्रिल २०१३ मध्ये आपला अहवाल सादर केला. या गटाने उपग्रहांच्या साहाय्याने प्रदेशाचे अधिक सूक्ष्म मापन केले आणि सुमारे ६०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे विचारात घेतलेल्या प्रदेशाचा ३७ टक्के भाग, संवेदनशील म्हणून निश्चित करावा असे सुचवले. मळे, शेते आणि दाट वस्ती यांचा प्रदेश त्याने बहुतांशी वगळला.

दोन समित्यांत कोणती बरोबर, यावर पुष्कळ वाद झाला. येथे महत्त्वाची गोष्ट ही की, असा वाद होऊ शकला. दोन्ही अहवाल हाती असल्यामुळे कोणत्या निकषामुळे कोणते गाव आत आले आणि कोणते बाहेर राहिले, हे पडताळून पाहता आले. पहिला अहवाल बंदच राहिला असता तर दुसऱ्याची तुलना कशाशीच करता आली नसती, आणि तज्ज्ञांचे मत म्हणून जे पुढे ठेवले जाईल ते स्वीकारण्यावाचून गत्यंतर उरले नसते.

तथापि, कागद उघड होणे आणि तो लोकांपर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन भागांतील मूळ अहवाल इंग्रजीत होता. इडुक्की किंवा वायनाडच्या डोंगरातील मिरी-वेलदोड्याच्या बागाइतदाराला, अथवा सह्याद्रीच्या कुशीतील एखाद्या वाडीतील शेतकऱ्याला, तो वाचता येणे शक्य नव्हते. नोव्हेंबर २०१३ मध्ये दुसऱ्या अहवालाच्या अंमलबजावणीसाठी केंद्राने निर्देश काढले, तेव्हा केरळच्या डोंगराळ भागात बंद आणि निदर्शने झाली आणि काही ठिकाणी त्यांना हिंसक वळण लागले. घरेदारे सोडून जावे लागेल, असे लोकांना वाटत होते. वस्ती उठवण्याची शिफारस पहिल्या अहवालात नव्हती. उलट, स्थानिक लोकसंख्येच्या वाढीसाठी गावठाणाचा विस्तार करण्यास त्यात वाव ठेवला होता.

याचा अर्थ शेतकऱ्यांची सर्वच भीती निराधार होती असा मात्र नव्हे. तीव्र उतारांवर हंगामी पिके घेण्यास आळा घालावा, रासायनिक कीटकनाशकांचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करावा, अशा शिफारशी त्यात होत्या, आणि त्यांचा संबंध थेट उपजीविकेशी होता. अशा शिफारशींचा भार कोणी सोसावा आणि भरपाई कशी व्हावी, यावर गावोगाव चर्चा होणे आवश्यक होते. ती चर्चा व्हावी तर मजकूर लोकांच्या भाषेत हवा. तो नसल्यामुळे खरी हरकत आणि खोटी अफवा यांची सरमिसळ झाली, आणि अखेर दोन्ही एकाच गर्जनेत बुडाल्या.

भाषेचा हा प्रश्न पुढे न्यायालयापुढेही आला. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनाविषयीच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा केंद्राने २०२० साली इंग्रजी व हिंदी या भाषांत प्रसिद्ध केला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी असा आदेश दिला की, संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील सर्व बावीस भाषांत त्याचे भाषांतर उपलब्ध करावे. जो मसुदा वाचताच येत नाही त्यावर मत मागवणे हा केवळ उपचार ठरतो, हे या आदेशामागील सूत्र होते.

गुप्ततेची बाजू

शासनाच्या बाजूने जे मुद्दे मांडले जातात ते सर्वस्वी क्षुल्लक आहेत असे मानणे योग्य होणार नाही. अपुऱ्या माहितीमुळे घबराट पसरू शकते. संरक्षित होणाऱ्या क्षेत्राची आगाऊ वार्ता लागल्यास जमिनींच्या व्यवहारांची किंवा वृक्षतोडीची घाई होऊ शकते. आपला प्रत्येक शब्द जाहीर होणार हे ठाऊक असल्यास तज्ज्ञ मोकळेपणाने बोलणार नाहीत, असेही म्हटले जाते.

या शंकांचे उत्तर अनुभवात सापडते. घबराट अहवाल बंद असतानाच अधिक वाढली. जमिनींचे व्यवहार करणाऱ्यांना वार्ता मिळवण्याचे मार्ग बहुधा ठाऊक असतात, आणि कपाटाला कुलूप लावल्याने वार्तेपासून दूर राहतो तो सामान्य रहिवासी. तज्ज्ञांच्या मोकळेपणाविषयी म्हणायचे तर, समितीच्या बैठकीतील अनौपचारिक बोलणे आणि तिने सही करून दिलेला अहवाल यांत भेद आहे. विज्ञानात सही करून दिलेले मत प्रसिद्धीसाठीच असते. ज्या मताला तपासणीची भीती वाटते, त्याच्या आधारे हजारो कुटुंबांचे भवितव्य ठरवणे कितपत योग्य होईल?

याच मंत्रालयाने थोड्याच काळापूर्वी वेगळा मार्गही अनुसरला होता. जनुकीय फेरबदल केलेल्या बीटी वांग्याच्या लागवडीला संबंधित तज्ज्ञसमितीने ऑक्टोबर २००९ मध्ये अनुकूलता दर्शवली. तेव्हाचे मंत्री जयराम रमेश यांनी समितीचा अहवाल प्रसिद्ध करून मते मागवली. जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंडीगड, हैदराबाद आणि बंगळूर येथे जाहीर सभा घेतल्या आणि ९ फेब्रुवारी रोजी लागवड स्थगित ठेवण्याचा निर्णय सविस्तर कारणांसह जाहीर केला. हा निर्णय अनेक शास्त्रज्ञांना मान्य झाला नाही. सभांतील गोंगाटात विज्ञानाचा आवाज दबला, अशी टीकाही झाली. परंतु टीकाकारांना नेमक्या कोणत्या कारणावर आक्षेप घ्यावयाचा हे ठाऊक होते, कारण ती कारणे कागदावर होती. पारदर्शकतेने निर्णय निश्चितपणे बिनचूक होतो, असे म्हणता येत नाही. चुकीचा निर्णय दुरुस्त करण्याची वाट मात्र ती मोकळी ठेवते.

तज्ज्ञांचे ऐकलेच पाहिजे असे बंधन लोकशाही शासनावर घालता येणार नाही. विजेची गरज, रोजगार, प्रादेशिक समतोल अशा अनेक गोष्टी तोलून एखादे शासन समितीच्या मताविरुद्धही जाऊ शकते. मात्र तसे करताना समितीचे मत काय होते, आपण ते का बाजूला ठेवत आहोत आणि त्यापासून उद्भवणाऱ्या धोक्याची जबाबदारी कोण घेणार, हे त्याने उघडपणे सांगितले पाहिजे. एवढे बंधन पाळले तर विज्ञानाचा मान राहतो आणि शासनाचा अधिकारही अबाधित राहतो.

विलंबाचे मोल

कस्तुरीरंगन अहवालाच्या आधारे संवेदनशील क्षेत्र निश्चित करणाऱ्या अधिसूचनेचा मसुदा केंद्राने मार्च २०१४ मध्ये प्रथम काढला. ठरलेल्या मुदतीत तो अंतिम झाला नाही, म्हणून पुन्हा काढावा लागला, आणि असे करता करता ३१ जुलै २०२४ पर्यंत सहा मसुदे निघाले. दरम्यान ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर कडा कोसळून दीडशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. ऑगस्ट २०१८ मधील महापुरात आणि दरडींत केरळात चारशेहून अधिक बळी गेले. माळीणच्या दुर्घटनेला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, ३० जुलै २०२४ रोजी पहाटे, वायनाड जिल्ह्यातील मुंडक्कै आणि चूरलमला या वस्त्यांवर डोंगर ढासळला आणि दोनशेहून अधिक लोकांचे प्राण गेले. ज्या वैतिरी तालुक्यात या वस्त्या होत्या, त्याची गणना पहिल्या समितीने सर्वांत संवेदनशील प्रतीत केली होती. सहावा मसुदा निघाला तो या दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशी.

अहवाल वेळीच प्रसिद्ध होऊन अमलात आला असता तर ही माणसे वाचली असती, असे विधान करण्यास शास्त्रीय आधार नाही. त्या रात्री पाऊस अतिशय मोठा होता, आणि एखादी विशिष्ट दरड का कोसळली हे त्या जागेच्या अभ्यासानेच ठरते. परंतु एवढे निश्चित म्हणता येते की, कोणते उतार नाजूक आहेत, तेथे कोणी राहावे आणि पावसाळ्यात कोणती सावधगिरी घ्यावी, याची चर्चा त्या गावांत २०११ सालीच सुरू होऊ शकली असती. त्यासाठी लागणारी सामग्री तयार होती. ती लोकांच्या पैशाने, लोकांसाठी तयार झाली होती.

माहितीचा अधिकार कायद्याने मिळाला, तरी तो टिकतो वापराने. आयोगातील जागा रिकाम्या राहिल्या, अपिले वर्षानुवर्षे पडून राहिली, तर कायद्याचे शब्द तसेच राहून त्यांतील सामर्थ्य ओसरते. आयुक्तांचा कार्यकाल पूर्वी अधिनियमातच पाच वर्षांचा ठरलेला होता. २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने तो आणि त्यांचे वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र शासनाकडे गेला. अशा बदलांकडे लक्ष ठेवणे हे विधिज्ञांइतकेच वैज्ञानिकांचेही काम आहे, कारण प्रयोगशाळेतील किंवा रानातील त्यांचे परिश्रम लोकांपर्यंत पोहोचणार की नाही, हे शेवटी अशाच तरतुदींवर अवलंबून असते. भारताच्या संविधानात १९७६ सालापासून वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितले आहे. हे कर्तव्य नागरिकाने पार पाडावे अशी अपेक्षा असेल, तर ज्या पुराव्यावर त्याने विचार करावयाचा तो पुरावा त्याच्या हाती, आणि त्याला वाचता येईल अशा भाषेत, देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.